कामाच्या रगाड्यात प्रभूसाठी वेळ





धावपळीच्या जीवनात भक्तीसाठी वेळ कसा काढावा, या विषयावर लिहायला मला सांगितले तेव्हा प्रथम संकोच वाटला. या विषयात मी शिक्षक नाही, नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेला विद्यार्थी आहे. म्हणून आधी माझ्या चुकीचीच गोष्ट सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या कामाच्या गावांपैकी एका गावात एक आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याला सिकलसेल आहे. थंडी वाढली, पाणी कमी पडले किंवा दमणूक झाली, की त्याचे हातपाय असे ठणकतात की तो रात्रभर रडतो. मागच्या वर्षी त्याला दवाखान्यात दाखल केले तेव्हा मी त्याच्या आईला म्हणालो होतो, "बाई, काळजी करू नका. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करीन." तीन महिन्यांनी गोळ्या पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. तिने पाणी दिले आणि साधेपणाने विचारले, "भाऊ, तुम्ही त्याचं नाव घेऊन प्रार्थना करता ना? रात्री दुखायला लागलं की मी त्याला सांगते, घाबरू नको, भाऊ तुझं नाव घेत असतील."

मी "हो" म्हणालो. ते खोटे होते. त्या तीन महिन्यांत मी त्याच्या गोळ्यांसाठी चार चकरा मारल्या होत्या, त्याचे कागद पूर्ण केले होते, मंडळीत दोनदा संदेश दिला होता. पण एकाही दिवशी एकांतात बसून त्या लेकराचे नाव प्रभूसमोर घेतले नव्हते. परतीच्या वाटेवर मला गाडी बाजूला उभी करावी लागली.

काम वाढले की पहिली कात्री कशाला लागते?

हे असे का होते, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या कामात प्रत्येक गोष्टीला कोणीतरी वाट पाहणारे असते. वनहक्काच्या दाव्याला कागद जोडायचा असतो, जातीच्या दाखल्याची शेवटची तारीख असते, बाळंतिणीला घेऊन गाडी निघायची असते. वसतिगृहात ताप आलेले मूल असते. हे सगळे दारात येऊन हाक मारतात. प्रभू मात्र दार ठोठावतो आणि थांबतो, आरडाओरडा करत नाही. प्रार्थनेला शेवटची तारीख नसते, म्हणून ती रोज उद्यावर जाते.

दुसरे कारण जास्त फसवे आहे. नोकरी करणाऱ्याला निदान कळते की आज आपण प्रार्थना केली नाही. सेवाकार्यात असणाऱ्याला तेही कळत नाही. दिवसभर प्रभूचेच काम केले, मग वेगळी भक्ती कशाला, असे मन सांगते. गरिबाची सेवा ही प्रभूची सेवा आहे, हे खरेच आहे. मत्तयाच्या २५व्या अध्यायात प्रभूने स्वतः ते सांगितले आहे. पण शेतात दिवसभर राबणारा माणूस घरी येऊन बायको-मुलांशी एक शब्दही बोलला नाही, तर "मी तुमच्यासाठीच राबतो" हे त्याचे म्हणणे किती दिवस पुरेल? काम प्रेमातून निघते हे खरे, पण नुसते काम करत राहिल्याने प्रेम टिकत नाही.

आपण कोरडे पडत चाललो आहोत, हे ओळखायच्या काही खुणा मला माझ्यातच सापडल्या. चारचौघांतली माझी प्रार्थना लांब होत होती आणि एकट्याची आखूड. पवित्र शास्त्र मी फक्त संदेश तयार करायला उघडत होतो. सही चुकवणाऱ्या म्हातारीवर माझा आवाज चढत होता. आणि सर्वांत वाईट म्हणजे माणसे माझ्या तोंडी 'केस' झाली होती. त्या मुलाला मी कार्यालयात "ती सिकलसेलची केस" म्हणत होतो. ज्याचे नाव प्रार्थनेत येत नाही, त्याचे नाव हळूहळू तोंडातूनही जाते.

कफर्णहूमातला एक दिवस

आपल्या प्रभूला कामाचा ताण माहीत नव्हता, असे कोणी समजू नये. मार्कच्या पहिल्या अध्यायात त्याचा एक पूर्ण दिवस दिला आहे. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात शिक्षण, तेथेच अशुद्ध आत्मा लागलेल्या माणसाची सुटका, मग शिमोनाच्या घरी त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूला बरे करणे. सूर्य मावळल्यावर सारे गाव दाराशी जमले. आरोग्य शिबिर संपल्यावरही अंधारात उभी असलेली रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र लगेच समजेल.

आणि दुसऱ्या दिवशी, अजून अंधार असतानाच, प्रभू उठून एकांत जागी गेला व प्रार्थना करू लागला (मार्क १:३५). पुढचा भाग आपण फारसा वाचत नाही. शिमोन आणि सोबती शोधत आले आणि म्हणाले की सगळे तुम्हाला शोधत आहेत. रांग पुन्हा लागली होती. प्रभूने काय उत्तर दिले? आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, तेथेही मला उपदेश करायचा आहे, त्यासाठीच मी आलो आहे, अशा अर्थाचे.

मला यातून कळलेली गोष्ट अशी. प्रार्थनेतून कामाला बळ मिळते एवढेच नाही. कोणते काम आज आपले आहे आणि कोणते नाही, हेही तेथेच ठरते. एकांत नसेल तर आपला दिवस ठरवतो कोण? जो सर्वांत मोठ्याने हाक मारतो तो. प्रभूचा दिवस गर्दीने ठरवला नाही, पित्याने ठरवला.

एकांत मोडला तर?

काही जण म्हणतील, आम्ही ठरवतो, पण रोज काहीतरी आडवे येते. मार्कच्या सहाव्या अध्यायात हेही आहे. प्रेषित दौऱ्यावरून परत आले होते. लोकांची ये-जा इतकी होती की जेवायलाही सवड नव्हती. प्रभू त्यांना म्हणाला की रानात एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. ते होडीत बसून निघाले, पण लोक किनाऱ्याने पायी धावत त्यांच्या आधी पोचले. एकांत गेला. प्रभूला राग आला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे लोक पाहून त्याला त्यांचा कळवळा आला. त्याने शिकवले, पाच हजारांना जेवू घातले.

पण गोष्ट येथे संपत नाही. जेवण झाल्यावर त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि तो डोंगरावर प्रार्थनेला गेला (मार्क ६:४५-४६). हुकलेला एकांत त्याने त्याच रात्री भरून काढला.

हे मला फार उपयोगी पडले. पहाटे रुग्णाला घेऊन जावे लागले तर जावे, त्यात पाप नाही. पण त्या दिवसाची भक्ती बुडाली असे म्हणून सोडून देऊ नये. संध्याकाळी लोकांना निरोप द्यायला शिकावे. "आता उद्या बोलू" हे वाक्य म्हणायला मला वीस वर्षे लागली.

इथ्रोचा सल्ला

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसत असे. त्याचा सासरा इथ्रो भेटायला आला आणि त्याने पाहून सांगितले की हे ठीक नाही, तूही झिजशील आणि लोकही. त्याने हजारांवर, शेकड्यांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगितले (निर्गम १८). हा सल्ला आपण काम वाटून देण्याचा धडा म्हणून शिकवतो. पण वाटणी करताना इथ्रोने मोशेकडे काय ठेवायला सांगितले, ते पाहा. सर्वांत पहिले काम, लोकांच्या वतीने देवासमोर उभे राहणे व त्यांची प्रकरणे देवाकडे नेणे.

मी नेमके उलटे केले होते. देवासमोर नेण्याचे काम सोडले आणि बाकी सगळे स्वतःकडे ठेवले. गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना अर्ज भरता येत होते, पण मला वाटे, चूक होईल. खरे सांगायचे तर माझ्याशिवाय अडते, यात मला सुख होते. आता आमच्या पाच गावांत अर्ज तरुणच भरतात. चुका होतात, त्या दुरुस्तही होतात. माझे आठवड्याचे दोन दुपार मोकळे झाले आणि त्या मुलांना गावात मान मिळाला. आपल्याला वेळ नाही म्हणतो तेव्हा कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो, की आपण दुसऱ्यावर विश्वास टाकलेला नाही.

माझा एकांत कोणाच्या कष्टावर?

त्या दिवसानंतर मी पहाटे पाचला उठून बसू लागलो. पंधरा दिवस छान गेले. मला थोडा अभिमानही वाटू लागला. मग एके सकाळी बायको म्हणाली, "तुमचा एकांत चांगला चाललाय. माझा कधी?"

ती माझ्या आधी उठत होती. पाणी भरणे, भाकरी, मुलांचे डबे. मी शेजारच्या खोलीत डोळे मिटून बसलो होतो आणि तिच्या भांड्यांचा आवाज झाला तर मला त्रास होत होता. माझी शांतता तिच्या धावपळीवर उभी होती. आता आम्ही वाटणी केली आहे. आठवड्याचे तीन दिवस पाणी आणि डबे माझ्याकडे, त्या वेळी ती बसते. माझ्या भाकरी गोल होत नाहीत, पण मुले तक्रार करत नाहीत.

मार्था आणि मरीया यांची गोष्ट (लूक १०) आपण नेहमी बहिणींच्या सभेत सांगतो. मार्थेसारख्या होऊ नका, मरीयेसारख्या व्हा, असा बोध करतो. प्रभूने मार्थेला प्रेमाने दोनदा नावाने हाक मारली. तिच्या काळजीबद्दल आणि दगदगीबद्दल तो बोलला, स्वयंपाकाला त्याने नावे ठेवली नाहीत. पण ही गोष्ट पुरुषांच्या सभेत सांगून "मरीयेला बसता यावे म्हणून चूल कोण सांभाळणार?" असे आपण कधी विचारतो का? आपल्या पाड्यांवर बाई पाण्याला जाते, लाकडे आणते, शेतात जाते आणि रात्री सर्वांत शेवटी झोपते. तिला "पहाटे लवकर उठून प्रार्थना करा" असे सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणे आहे. आधी घरातल्या पुरुषाने एक हंडा उतरवून घ्यावा. घराची भक्ती तेथून सुरू होते.

आपल्या भागात जमेल असे काही

गेल्या वर्षभरात मला आणि आमच्या काही कार्यकर्त्यांना ज्यांचा उपयोग झाला, त्या गोष्टी येथे देतो.

पहिली गोष्ट, वेळ लहान ठेवा, पण ठरलेली ठेवा. दानीएल राज्याच्या तीन मोठ्या अधिकाऱ्यांपैकी एक होता. तरी खिडकी ठरलेली आणि दिवसातल्या तीन वेळा ठरलेल्या (दानीएल ६:१०). एकदम तासभर बसायचे ठरवून आठवड्यात सोडण्यापेक्षा पंधरा मिनिटे वर्षभर बसणे बरे. माझी जागा मागच्या दाराचा ओटा आहे. मोबाइल आत चार्जिंगला असतो.

दुसरी, काय वाचायचे ते आदल्या रात्री ठरवा. नाहीतर पाने उलटण्यातच वेळ जातो. मार्कचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे आहे. रोज एक वाचले तर पंधरवड्याहून एकच दिवस जास्त लागतो. स्तोत्रे १५०, रोज एक घेतले तर पाच महिने. फारच गडबड असेल त्या दिवसासाठी ११७वे स्तोत्र आहे, ते दोनच वचनांचे आहे.

तिसरी, नावांची वही ठेवा. माझ्या वहीत सात पाने आहेत, वाराप्रमाणे एकेका गावाची. कोणी प्रार्थनेची विनंती केली की तेथेच, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत प्रार्थना करतो आणि मग नाव लिहितो. "प्रार्थना करीन" असे नुसते आश्वासन मी आता देत नाही.

चौथी, कामात असतानाही प्रभूशी बोला. नहेम्याने राजाचा प्रश्न आणि आपले उत्तर यांच्या मधल्या क्षणात प्रार्थना केली (नहेम्या २:४). सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात बंधू लॉरेन्स नावाचे साधू स्वयंपाकघरात काम करत. भांड्यांच्या आवाजातही देवाच्या सान्निध्यात राहण्याचा त्यांनी अभ्यास केला. पायवाटेने जाताना, चुलीपाशी, दवाखान्याच्या रांगेत हे जमते. मात्र याने एकांताची जागा भरून निघत नाही. भाकरीत मीठ हवेच, पण मीठ म्हणजे भाकरी नव्हे.

पाचवी, वाचता येत नसेल तर ऐका. मोबाइलवर वचन ऐकता येते. शाळेत जाणाऱ्या मुलाने आजीला पाच वचने वाचून दाखवावीत आणि आजीने ती आपल्या बोलीत पुन्हा सांगावीत. घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी वचनाविषयी बोला, अशीच अनुवादात आज्ञा आहे (अनुवाद ६:७). येथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आणि विधवा, दुष्काळात आणलेल्या अनाथ पोरी, शाळा, शेती, छापखाना, एवढा पसारा त्यांच्यावर होता. तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. ज्यांच्यामागे एवढा व्याप होता, त्यांना वचनासाठी वेळ सापडला, कारण साध्या बाईला ते समजावे ही त्यांची तळमळ होती.

सहावी, हंगाम पाहून वेळ बदला. मोहाची फुले पहाटे पडतात आणि उजाडताच वेचावी लागतात. त्या दिवसांत पहाटेची प्रार्थना कोणाला जमणार? तेव्हा संध्याकाळी बसा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तर ठरलेली वेळ मिळतच नाही, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावे लागते. आमच्या मंडळीतल्या एका टोळीने असे ठरवले की कोपीतून निघताना सर्वांनी हात धरून प्रभूची प्रार्थना म्हणायची. एक मिनिट लागते. गेल्या हंगामात त्यांनी ती फारशी चुकवली नाही.

सातवी, दमला असाल तर आधी झोपा. एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेबावर देवाची वाणी त्यानंतर आली (१ राजे १९). आपल्या सेवकांचा रविवार विश्रांतीचा नसतो. म्हणून आठवड्यातला दुसरा अर्धा दिवस तरी मोकळा ठेवावा, आणि मंडळीने तो मोडू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. एकांताचे निमित्त करून दारातल्या माणसाला परत पाठवणे ही भक्ती नव्हे. आणि कोण किती वेळ बसतो, याची आपसांत मोजणी करू नये. मोजू लागलो की पुन्हा तेच लोकांसाठी केलेले काम होते.

शेवटी

त्या मुलाच्या घरी मी आठवड्याने परत गेलो. आईला सांगितले, "बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. मी रोज प्रार्थना केली नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटले, आता विश्वास गेला. मग तिने मुलाला हाक मारून जवळ बसवले आणि म्हणाली, "मग आता घ्या ना नाव." आम्ही तिघे तेथेच ओसरीवर बसून प्रार्थना केली.

मुलाचे दुखणे गेलेले नाही. गोळ्या चालू आहेत, या हिवाळ्यातही त्याला एकदा दाखल करावे लागले. पण माझ्या वहीत मंगळवारच्या पानावर त्याचे नाव पहिले आहे, आणि आता तो माझ्यासाठी 'केस' राहिलेला नाही. परवा त्याने मला विचारले, "भाऊ, मंगळवारीच का? मला बुधवारी पण दुखतं." तेव्हापासून त्याचे नाव सातही पानांवर लिहिले आहे.

प्रिय वाचकहो, तुमच्याही आयुष्यात कोणीतरी असे असेल, जे तुमच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून रात्र काढत आहे. हा अंक खाली ठेवण्यापूर्वी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. उद्याची वेळ आणि जागा आजच ठरवा. आणि आमच्या कार्यकर्त्यांसाठी, विशेषतः घर व सेवा दोन्ही सांभाळणाऱ्या बहिणींसाठी, प्रार्थना करत राहा.

प्रभूची कृपा व शांती तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.